खाकी पाकीट

टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगखाली मेडिकल आहे. तिथले काका बोलतात कमी, लिहितात जास्त. गोळ्यांच्या प्रत्येक खाकी पाकिटावर कुणाला, कधी, किती वेळा हे टपोऱ्या अक्षरात लिहितात आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतात. मला तो चोंबडेपणा वाटायचा.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झालेली. दिवस राहावेत म्हणून मावशीने बायकोसाठी कोलायडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचं पाणी सुचवलं. मी काकांकडे मागितलं.

"पिणार कोण?"

"मिसेस. मूल होण्यासाठी."

"त्याने मूल होतं याला काही पुरावा नाही. उलट चांदी अंगात साठत जाते. मूल हवंय ना, मग मुळीच देऊ नका." पेनाचं टोपण काढत त्यांनी विचारलं, "तुमची तपासणी झाली?"

"माझी कशाला? तिच्या सगळ्या झाल्यात."

काकांनी एका रिकाम्या पाकिटावर काहीतरी लिहून ते माझ्या हातात दिलं. पहिल्यांदाच वाचून घेतलं नाही.

घरी बायकोने पाकीट उलटं करून झटकलं. मग मोठ्याने वाचलं, "नवऱ्याची तपासणी. उद्या सकाळी. एकदा."