एका फांदीची जांभळी सीताफळं

चमत्कार पाहायला निघालोय, असं अंबाजोगाई सोडताना मी कुणाला सांगितलं नाही. चमत्कारासमोर बहुधा दानपेटी असते, असा माझा अनुभव. सोबत वनस्पतिशास्त्र शिकवणारी मैत्रीण वनिता होती. मांजरसुंब्याच्या धाब्यावर चहा घेऊन आम्ही डोंगराकडे वळलो. काळ्या खडकांतून जिकडेतिकडे सीताफळं.

ज्यांच्या शेतात हा चमत्कार घडला होता, त्या शकुंतलाबाईंच्या बांधावरचं झाड लांबूनच ओळखू आलं. त्यावर फ्लेक्स होता, 'निसर्गाच्या चमत्कारास शुभेच्छा', आणि झाड झाकेल एवढा पुढाऱ्याचा फोटो. आम्ही फ्लेक्सच्या मागे गेलो. सगळं झाड हिरव्या फळांचं; एकाच फांदीला वांग्याच्या रंगाची सीताफळं. बाईंनी एक फोडून हातावर ठेवलं. आत दोन-तीनच बिया, बाकी सगळा गर.

वनिता म्हणाली, ही फांदी फुटली त्या डोळ्यातल्या (कोंबातल्या) एका पेशीत जनुकांची नक्कल होताना चूक झाली असावी. अशा चुका बहुतेक वाया जातात, काही जीव घेतात. ही गोड निघाली. बी पेरून हा गुण येईलच असं नाही. माघात पानगळ झाली की याच फांदीची कलमं बांधायची.

मग तिला तार दिसली. कार्यकर्त्यांनी फ्लेक्स नेमका याच फांदीला आवळला होता, हाताला येते म्हणून. साल अर्धी कापली गेली होती.

बाईंचे यजमान भागवतराव कचरले. तार काढली तर साहेब रागावतील, म्हणाले.

"सायबाचा फोटू लई ठिकाणी हाय," बाई म्हणाल्या. "ही फांदी एकच हाय." आणि त्यांनी पक्कड मागवली.

वनितानं जखमेला शेणमाती लावून चिंधी बांधली. फांदी जगेल, पण शेळ्यांपासून आणि पुढच्या फ्लेक्सपासून कुणीतरी राखायला हवी, असं तिनं बजावलं. भागवतरावांचा चेहरा उतरला. मुकादमाची गाडी दोन दिवसांत येणार होती. दोघांनाही ऊसतोडीला जायचं होतं.

"तुमी जा. औंदा अर्धा कोयता," बाई म्हणाल्या. (नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा.)

"कावून गं? अन् मला भाकरी कोण घालंल?"

"शिका की."

 भागवतरावांनी खाली पडलेला फ्लेक्स उचलून शेळ्यांच्या वाटेवर आडवा बांधला.

परतताना मी मनात हिशेब मांडला. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत काहीतरी चुकलं होतं. त्यापायी फळाचा रंग पालटला, बिया आटल्या, आणि यंदाच्या हिवाळ्यात एक माणूस उसाच्या फडात एकटा भाकरी थापणार होता.