वसईच्या लविना, आम्हांसाठी विनंती कर

केकच्या ऑर्डरी आठवडाभर बंद, असं मी ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात तीन बायकांचे फोन आले. बरी आहेस ना, लविना? बरी आहे गं बाई, बीदरकडे जातेय. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "किल्ला बघायला?" किल्ला चांगलाच असेल, पण मला तिथे एका माणसाला एक प्रश्न विचारायचा होता. आणि तो फोनवर विचारायची माझी हिंमत नव्हती.

आधी प्रश्न सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी वसईची, कॅथलिक. एकविसाव्या वर्षी सिस्टर व्हायचं म्हणून मठात गेले. अकरा महिने राहिले. मग आईला अर्धांगाचा झटका आला, घरून निरोप आला आणि मी परत आले ती कायमची. आई बावीस वर्षं खाटेवर होती. मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, भट्टी टाकून केकचा धंदा सुरू झाला. आईची जीभ मात्र शाबूत होती. पेज गरम का, चादर ओली का, सगळ्या वाडीला ऐकू जायचं! गेल्या पावसाळ्यात ती गेली. जायच्या आठ दिवस आधी मला जवळ बोलावून म्हणाली, "लवी, मी तुला देवाकडून काढून आणलं. तो मला जाब विचारील का गं?"

मी म्हटलं, झोप आता. मी स्वतः तेवीस वर्षं तेच समजत होते, की देवाने एकदा बोलावलं आणि मी मधल्या स्टेशनावर उतरले. साधुत्वाची ती गाडी पुढे गेली. आपण आता रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकावी, जपमाळ म्हणावी आणि गप्प बसावं.

मठात माझ्या बरोबरीची एल्सी होती. ती राहिली, तिने व्रतं घेतली. आता ती बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात मेहकरच्या अलीकडे एका वस्तीवर छोटा दवाखाना आणि शिवणवर्ग चालवते. तिनेच सांगितलं, सर्व संतांच्या सणाला ये, एक नोव्हेंबरला. म्हणून निघाले.

जाणाऱ्यांसाठी: मुंबईहून बीदरकडे जाणारी रात्रीची गाडी धरा, रिझर्व्हेशन आधी करा. मी सकाळी उदगीरला उतरले आणि स्टँडवरून कमलनगरची जीप घेतली. जीप भरली की सुटते, आणि भरणं म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो.

"अण्णा, कधी निघणार?"

"निघायलोय की अक्का. दोन सीट येऊ द्या."

दोनाच्या सहा आल्या, एका आजीची शेळीही आली, आणि मग निघालो. ड्रायव्हर फोनवर कन्नड, नाक्यावरच्या पोलिसाशी उर्दू आणि माझ्याशी मराठी बोलत होता. कुठेही गिअर बदलल्यासारखं वाटलं नाही. कमलनगरला उतरून सुसला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, शेंगदाणे घातलेला, वर मिरची भजी. पन्नास रुपयांत पोट गच्च. पाटी कन्नडमध्ये होती, पण गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "कामून लाजायल्या? अजून घ्या की."

तिथून बसने भालकी. या रस्त्यावर खिडकीची जागा सोडू नका. एका वळणापर्यंत काळी जमीन, पलीकडे एकदम गेरूसारखी लाल, आणि दोन्हींवर तूर फुललेली, पिवळीजर्द, थेट आकाशाला टेकेपर्यंत. समुद्राजवळ जन्मलेल्या मला सपाट पसरलेलं काही नवं नाही. पण हे बघताना मी बोलायची थांबले, आणि माझ्याबाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

भालकी स्टँडवर एल्सी स्कूटी घेऊन उभी होती. डोक्यावर सिस्टरचा रुमाल, त्यावर हेल्मेट. मला बघून ओरडली, "कित्ती जाडी झालीस गं!" तेवीस वर्षांनी समोरासमोर पहिलं वाक्य. वीस वर्षं इथे राहून तिची वसईची बोली पार गेलीय. रस्ताभर "बघायलीस का, ते बघ" करत तिने मला विहिरी, बंधारे, दवाखान्यात जन्मलेली पोरं, सगळं दाखवलं.

वस्ती तीसेक घरांची. पूर्वी मेंढरं राखणारी माणसं, आता शेती आणि मजुरी करतात. त्यातली एकवीस घरं कॅथलिक. संध्याकाळी ओसरीवर पुंडीची, म्हणजे आपल्या अंबाडीची, पानं निवडताना मी शेवटी विचारलं. आईचं ते वाक्य सांगितलं. आणि माझंही. "एल्सी, खरं सांग. माझी गाडी चुकली का?"

मला वाटलं ती हात हातात घेईल. ती पानं निवडत राहिली.

"कोण म्हणालं तुला, की ती गाडी फक्त सिस्टर लोकांची हाय?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? आपण गेलो कशासाठी होतो मग?"

"मी व्रतं घेतली, ती माझी वाट. चांगली वाट हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण पोचायचं कुठं? देवावर पूर्ण मनानं प्रेम करायचं, शेजाऱ्यावर करायचं. ही आज्ञा काय मठाच्या दारावर लिहिलीय का? बाप्तिस्मा झाला त्या दिवशीच सगळ्यांना बोलावणं आलं, लवी. नवरा असलेल्यांना, भट्टी असलेल्यांना. चर्च पहिल्यापासून हेच शिकवतंय. तू वर्गात झोपायचीस."

मी जराशी सुखावले. "म्हणजे आईची सेवा केली, ती धरली जाईल ना?"

तिने मान वर केली. "धरली जाईल की. पण तू सुट्टी मागायला आलीस व्हय? ती न्हाई मिळायची. तू तेवीस वर्षं म्हणायलीस, देवानं मला वगळलं. त्यानं न्हाई वगळलं. तूच स्वतःला सूट देऊन बसलीस."

राग आला. खरंच सांगते, सणकून राग आला! पाचशे किलोमीटरहून मी हे ऐकायला आले होते? पण राग आला की मला कळतं, नेम बरोबर लागलाय.

जेवणाआधी तिने कागद पुढे केला. "आईचं नाव लिहून दे. उद्या मयतांच्या नावांत वाचतील." इथे फादर महिन्यातून एकदाच येतात. त्यामुळे एक नोव्हेंबरचे संत आणि दोन नोव्हेंबरचे मृत एकाच मिस्सेत उरकतात. मी लिहिलं, "रोझीमाय, वसई." आणि आमच्याकडच्या सवयीने खाली देणाऱ्याचं नाव, "लविना, वसई." वसईत मयतांच्या मिस्सेसाठी पैसे देतो त्या पाकिटावर देणाऱ्याचं नाव घालायचीच पद्धत आहे, हात आपोआप गेला.

सकाळी दहाला घंटा झाली. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, पत्र्याचं लांब दालन. वेदीच्या पायरीवर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर झेंडूच्या राशी. फादर तरुण, दोन गावं करून मोटारसायकलवर आलेले, भुवयांपर्यंत लाल धूळ. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि शेजारची हिंदू माणसंही सणाची म्हणून मागे टेकून बसलेली.

मग शामुवेल मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे फादर नसताना प्रार्थना घेणारे, धर्मशिक्षण देणारे गावातलेच म्हातारे शेतकरी. जाड भिंगं, हातात वही. त्यांनी संतांची लितानी सुरू केली. एकेका संताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, "आम्हांसाठी विनंती कर." मी लहानपणापासून हजार वेळा म्हटलेली. पण इथे तिला ओवीसारखी चाल होती, झांजेवर. संत पेत्र, आम्हांसाठी विनंती कर. संत पौल. संत आग्नेस. पत्रा थरथरत होता. मास्तरांनी पान उलटलं आणि त्याच चालीत, श्वास न मोडता म्हणाले, "वरल्या आळीचे दगडू अप्पा."

"आम्हांसाठी विनंती कर."

"बाळंतपणात गेलेली शेवंता अक्का."

"आम्हांसाठी विनंती कर."

मी एल्सीकडे बघितलं. ती डोळे मिटून म्हणत होती. फादर वेदीशी उभे, चेहरा असा की हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी त्यांनी सांगितलेलं असतं. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करायची ती मयतांची नावं, आणि ही माणसं त्यांनाच विनंती करत होती! ज्याच्या मेंढ्या राखल्या, जिच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांची नावं पेत्र आणि पौलाच्या मागोमाग, एकाच झांजेवर. नावामागून नाव, पन्नास तरी असतील.

"वसईच्या रोझीमाय."

"आम्हांसाठी विनंती कर."

माझी आई! पेजेवरून वाडी डोक्यावर घेणारी माझी आई. देव मला जाब विचारील का म्हणून घाबरत गेलेली. तिला शे-दीडशे अनोळखी माणसं एका आवाजात सांगत होती, आमच्यासाठी शब्द टाक. मी रडायला लागले, आवाज करून. आणि तेवढ्यात मास्तरांनी माझा कागद भिंगांच्या आणखी जवळ धरला.

"वसईच्या लविना."

"आम्हांसाठी विनंती कर."

मी आजूबाजूला बघितलं. कोणी हसलं नाही. कोणी थांबलं नाही. मी रडता रडता हसले आणि मग दोन्ही थांबलं, कारण मला भीती वाटली. इतकी मोठी भीती मला कधी वाटली नव्हती.

मिस्सेनंतर हुग्गी होती, गव्हाची गुळातली खीर, पत्रावळीवर. मास्तर माझ्यासमोर कान धरून उभे. "चुकलं अक्का. जिती माणसं वाचायची न्हाईत. ही दोन्ही पानं बी मी एकदा चुकून सलग वाचली, तवापासून लोक सोडायलाच तयार न्हाईत."

फादर पंक्तीत माझ्या शेजारीच बसले होते. "दोन पानांच्या मध्ये थांबा, असं दरवर्षी सांगतो," ते म्हणाले. "जाहीर प्रार्थनेत संत म्हणून चर्चने जाहीर केलेल्यांचीच नावं घ्यायची, हा नियम आहे. मयतांसाठी आपण प्रार्थना करायची. पण आजचा सण ज्यांची नावं कोणाला माहीत नाहीत अशा सगळ्या संतांचाच आहे. दगडू अप्पा त्यांच्यात नाहीत, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि माझं नाव?"

ते हसले. "जिवंत माणसाला आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणायला कसलीच परवानगी लागत नाही. फक्त मग त्या माणसाने ती करायला लागते."

ते बोलणं एकीने नीटच ऐकलं. गंगाक्का, हुग्गी वाढणारी. वाढप बाजूला ठेवून तिने माझा हात धरला. "माझी सून पोटुशी हाय. पहिली दोन ऱ्हायली न्हाईत. तुझं नाव वाचलंय. विसरू नको बग."

मी म्हटलं, अगं, ती चूक होती. "चूक व्हय," ती म्हणाली, "पर आमी म्हनलं की तुला."

परतताना हुलसूरमार्गे गेले. तिथून बसवकल्याण, मग सोलापूर, मग रेल्वे. या वाटेने जाणार असाल तर हुलसूरला बाजारात शेंगांची चटणी घ्या, घरी पोचेपर्यंत बॅगेला वास येतो पण पश्चात्ताप होत नाही. एल्सी बसपर्यंत आली होती. खिडकीतून मी विचारलं, "आईचं काय वाटतं तुला?" ती म्हणाली, "मिस्सा वाहा तिच्यासाठी. आणि तिच्याशी बोल बी. दोन्ही कर."

घरी येऊन तीन आठवडे झाले. मी काही बदलले नाही, नवऱ्याला विचारा. परवाच नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी कडाक्याचं भांडले. कळशी आत आणून ठेवली आणि आठवलं. मग परत बाहेर गेले आणि तिची बादली आधी भरू दिली, तोंड वाकडं करूनच. आता रोज पहाटे भट्टी पेटवताना मी गंगाक्काच्या सुनेचं नाव घेते, मग एकेक करत एकवीस घरं. सगळ्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून दारं आठवते. निळं दार, तुळशीजवळचं दार, दाराऐवजी पोतं. आई, म्हणते, तूही जरा बोल त्याच्याशी. तुझी जीभ आहे ना अजून?

पूर्वी मी विचारायचे, मला बोलावलं होतं का, आणि ते बोलावणं गेलं का. आता तो प्रश्न विचारायला सवड नाही. पहाटेचे साडेपाच वाजलेत, तिकडे लाल मातीत एक पोरगी सातवा महिना मोजतेय, आणि तिच्या सासूने माझं नाव घेऊन ठेवलंय.