ओचा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. देवापुढे हात जोडले की ओठांपर्यंत येतं आणि मी दुसरंच काही पुटपुटते. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

मी मुलाकडे राहते, मिशिगनमध्ये नोव्हाय नावाच्या गावी. दोन वर्षांपूर्वी माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी इथे आली. आम्ही दोघी रंगूनच्या. जन्म तिथला, वडिलांच्या नोकऱ्या तिथल्या. ब्रह्मदेशातून परतलेली माणसं एकमेकांना धरून असतात, हे लग्नही त्यातूनच जुळलं. पण लहानपणी आमची ओळख नव्हती. विहीणबाई बंदराकडे राहायच्या, आम्ही लाकडाच्या गिरणीमागे.

जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले, त्यानंतर त्या, घरच्या सगळ्यांसोबत, बोटीने आल्या. कोणी गेलं नाही त्यांचं. नागपूरला मॅट्रिक झाल्या, शाळेत शिकवू लागल्या. आम्ही डोंगरांतून चालत आलो, आणि माझी शाळा चौथीनंतर रंगूनलाच राहिली. माझी धाकटी बहीण शकूही तिथेच राहिली.

त्या आल्या आणि — कसं सांगू? नात रीना तेव्हा चौदा वर्षांची. रोज शाळेतून आली की माझ्याजवळ बसायची, मी पोळीचा लाडू करून द्यायचे. बोलणं फार नसायचं, तिला मराठी तोडकं आणि मला इंग्रजी नाही. पण बसायची. विहीणबाई आल्या आणि ती त्यांच्या खोलीत बसू लागली. त्यांना इंग्रजी येत होतं. दाराआडून दोघींचं हसू ऐकू यायचं. मी लाडू झाकून ठेवायचे. लाडवावरून कोणी इतकं जळतं का? मी जळत होते.

मग तो सिनेमा आला. मुलाने दुकानातून कॅसेट आणली, लढाईची, आणि त्यात रंगून होतं. आम्ही सगळे बसून पाहिला. भोंगा वाजतो, लोक पळतात, आया पोरांना उचलून तळघरात नेतात, वर गोरे वैमानिक लढतात. विहीणबाई मध्येच म्हणाल्या, "अहो, हे कुठलं रंगून? आमच्याकडे कोणी पळालंच नाही आधी!" आणि हसल्या. मला तो सिनेमा आवडला होता. त्या रंगूनमध्ये कोणीही वर बघत उभं नव्हतं.

रीनाला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा तिने शाळेतून आणला. "नागपूर-आजी, तू सांग. सिनेमात काय राँग आहे ते." मला नाही विचारलं. मी तिथेच सोफ्यावर कोथिंबीर निवडत बसले होते.

विहीणबाईंनी नवी साडी नेसली, केस सारखे केले, आणि सांगू लागल्या. काही दिवस आधी एक विमान येऊन सरकारी सूचनांचे रंगीत कागद टाकून गेलं होतं. मुलांनी ते गोळा केले, त्यांची होडकी केली. म्हणून बॉम्ब पडले त्या दिवशी विमानं दिसली तेव्हा मुलं टाळ्या वाजवत रस्त्यावर आली. मोठी माणसंही आली. "आणि आम्ही मुली परकराचा ओचा पसरून उभ्या! पहिला कागद कोणाच्या ओच्यात पडतो म्हणून!"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

त्यांच्या रस्त्यावरही असंच झालं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. सेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं, ते फक्त आमच्या गल्लीत झालं. फक्त मी आणि शकू तशा उभ्या होतो. शकू घरात होती. मीच तिला हाक मारली होती, लवकर ये, कागद पडतायत. ती आली. तिने ओचा माझ्यापेक्षा मोठा पसरला.

आणि ह्या बाई ते हसत सांगत होत्या. त्यांचं तर काहीच गेलं नव्हतं! तेही त्यांचंच का व्हावं? इंग्रजी त्यांचं, मॅट्रिक त्यांचं, रीना त्यांची — आता हेसुद्धा?

रीनाने कॅमेरा खाली केला. "ओचा म्हणजे व्हॉट?"

विहीणबाई अडखळल्या. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला इंग्रजी शब्द असायचा, ह्याला सापडेना. "लॅप... नाही गं. स्कर्ट... असं..." साडी नेसलेली, त्यांना दाखवताही येईना. मग माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, तुम्हीच दाखवा की हिला. तुम्हीही असालच उभ्या."

कोथिंबिरीच्या काड्या माझ्या मांडीवर, पदरात होत्या. मी नुसती उठून उभी राहिले असते तरी रीनाला कळलं असतं.

मी म्हणाले, "असं काही झालं नव्हतं. भोंगा वाजला आणि सगळे पळाले. सिनेमात दाखवलं तसंच."

रीना आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, नाही हो —" पण सून शुभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, तू हल्ली मिक्स करतेस. परवा गॅसचंही तसंच." खरं होतं, त्या अलीकडे विसरू लागल्या होत्या. मला ते माहीत होतं. बोलायच्या आधीच माहीत होतं.

रीनाने तो भाग काढून टाकला. माझ्यासमोर कॅमेरा धरला. मी, जी परक्यासमोर मान वर करत नाही, ती बोलले. भोंगा, तळघर, आईने उचलून नेलं. शाळेत त्याचं कौतुक झालं. रीना माझ्या गळ्यात पडली. पुन्हा माझ्याजवळ बसू लागली, लाडू खाऊ लागली. खोटं कशाला बोलू — मला फार बरं वाटलं.

त्यानंतर विहीणबाई मला स्वयंपाकघरात एकटीला गाठायच्या. "खरंच नव्हतं का हो तसं? मला तर हातात परकराची शिवणसुद्धा आठवते." दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शिकलेली बाई, चौथी झालेल्या बाईला आपलं बालपण विचारत होती. मी पोळी उलटत म्हणाले, "वय झालं की होतं असं."

जाण्याच्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. माझ्या कपाळाला कुंकू लावून निघाल्या.

पुढे त्यांचं पत्र आलं, रीनाच्या नावाने. शुभाने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं — तुझ्या आजीचं बरोबर होतं. आता मलाही आठवतं. भोंगा वाजला आणि आम्ही पळालो.

गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या.

या शरदात आम्ही सगळे सफरचंदाच्या बागेत गेलो. पिशवी गाडीत राहिली होती. रीना फांदी हलवत होती आणि सफरचंदं पडत होती. मला कळलंच नाही, मी दोन्ही हातांनी पदर पसरून झाडाखाली उभी राहिले होते, मान वर करून. रीना थांबली. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

"आजी, ह्याला काय म्हणतात?"

तिला तो शब्द आठवत होता का? की नुसतंच विचारत होती? मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. माझ्या पुढ्यात पाच-सहा सफरचंदं होती, जड. बोलायला दोन अक्षरं पुरली असती.

मी म्हणाले, "पदर."