ओढणीआडचं इंग्रजी

इंग्रजीच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर बोलण्याचे शब्द लिहिले. व्हिस्पर म्हणजे कुजबुजणं, मम्बल म्हणजे पुटपुटणं, शाउट म्हणजे ओरडणं. मग माझ्या शेजारी बसलेल्या, नर्सिंग झालेल्या कविताला वाक्य करायला उभं केलं. तिने आधी ओढणी तोंडावर धरली. आमच्याकडे इंग्रजी बोलताना हात असाच आपोआप तोंडावर जातो.

“अहो सिस्टर, मास्क काढा की!” सर म्हणाले. सगळा वर्ग खिदळला.

ही भीती आम्हाला शिकवली कुणी? वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना दरडावणारी ही बाई इथे ओढणीआड का लपते? हे आमच्या संघटनेच्या पत्रकात छापायला हवं, इतकी चिडले होते मी. मोर्चात मी चौकात माइकशिवाय घोषणा देते ना! पण माझाही हात तोंडाकडे गेला होता, कारण पुढचा नंबर माझा होता.

“उद्या इंटरव्ह्यू आहे गं,” कविता वाकून मला म्हणाली. “तिथेही हात तोंडावर गेला तर? घेतील का मला?”

मी तिची ओढणी खाली ओढून मुठीत घट्ट धरली. तोंड न झाकता ती म्हणाली, “आय कॅन शाउट.”

ऐकू फक्त मला आलं.