कतरणीत गेलेली ओळ

पुस्तकाची कडा वाकडी दिसली की बाइंडरचाचांच्या पोटात दुखायचं. कापायच्या पात्याखाली ती सरळ झाली की मगच घास गोड लागायचा. याच सोसापायी दोन मौलानांत जुंपली.

धाकट्या मौलानांचं नवं पुस्तक त्यांच्या गुरूंनी, म्हणजे थोरल्या मौलानांनी वाचलं. चाळिसाव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं शेरा लिहिला आणि चाचांकडे धाडलं: बांधून लेखकालाच द्या. चाचांनी झकास बांधलं, नेऊन दिलं. धाकट्यांनी उघडलं, तर शेरा एवढाच: ‘इथला पुरावा कच्चा आहे.’ चारशे पानांतून गुरूंना एवढंच दिसलं? माणूस तापला. शुक्रवारी नमाजनंतर सगळ्यांसमोर उत्तर देतो म्हणाला. आणखी काही म्हणाले का ते, असं चाचांना विचारलं. चाचा छातीठोकपणे नाही म्हणून आले.

घरी बायकोनं सहज विचारलं, शेरा होता तरी केवढा?

“दोन ओळींचा,” म्हणाले चाचा, आणि हातातला घास हातातच राहिला. धाकट्यांनी उघडलेल्या पुस्तकात तर एकच होती.

दुसरी पात्यानं खाल्ली होती. सांगावं तर दोन्ही गिऱ्हाइकं जाणार आणि चाळीस वर्षांचं नावही. गप्प बसावं तर भर मशिदीत थोरल्यांची शोभा.

“अहो, चाळीस वर्षं कडा सरळ केल्यात,” बायको म्हणाली, “आता जरा तुम्ही व्हा.” आणि पात्याखाली पडलेल्या कतरणीचं पहिलं पोतं तिनंच उपडं केलं.

तीन पोती उपसली. शुक्रवारी धाकटे भाषणाचे कागद घेऊन उठतायत तोच चाचा धापा टाकत पोचले, दाढीत कागदाचा भुगा, चिमटीत बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यावर ओळ होती: ‘बाकी पुस्तक असं, की मलाही जमलं नसतं.’

धाकट्यांनी दोनदा वाचलं. कागदांची घडी खिशात गेली. चाचांना घेऊन ते तडक गुरूंकडे गेले. तिथं चाचांनी पात्यापासून पोत्यांपर्यंत सगळं कबूल केलं. पण पुरावा कच्चाच आहे, यावरून गुरू बधले नाहीत.

“ते बघू,” धाकटे म्हणाले, “पण निरोप्या म्हणून चाचा मात्र साफ कच्चे.”

“सांगतोस तर पुरं सांग,” थोरले म्हणाले. “कापली त्यांनी, आणि तीन पोती उपसून आणली तीही त्यांनीच.”

पट्टी चाचांनी तिथंच डकवली. पुस्तकाबाहेर बोटभर लोंबते, तीही तिरकी. बघितली की चाचांच्या पोटात दुखतं, पण पात्याला हात लावत नाहीत.