आबांनी शिस्त लावलेलं कुत्रं

मुरलीधर आबांना कुणी विचारलं, की आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कुठले, तर ते स्वतःच्या लग्नाचं नाव घेत नसत की सतीशच्या जन्माचंही. जतच्या माळावरचे चार-पाच हिवाळे, एवढंच म्हणत. सून सुमेधा यावर हसायची. तिने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की आबांना खोकला आला तर पुढचं वाक्य तीच पुरं करायची.

गोष्ट होती मामांच्या पाखरीची. पाखरी म्हणजे कारवानी कुत्री. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं. तेव्हा आबा वीस-बावीस वर्षांचे होते. पौषात ज्वारी हुरड्यावर आली, की मामा उजाडताना पाखरीच्या गळ्यातली दोरी मनगटाला गुंडाळून निघत आणि मागून आबा, फडक्यात भाकरी बांधून. कुसळीच्या गवतातून ससा उठला की मामा दोरी सोडत. मग कुणी ओरडायचं नाही, शीळ घालायची नाही, आणि कुत्र्याने तर भुंकायचंच नाही. पाखरी नजरेवर धावायची. ससा वळणं घ्यायचा, तीही घ्यायची, आणि दहापैकी सात वेळा ससाच जिंकायचा. "त्येचं नशीब," म्हणून मामा खाली बसून भाकरी सोडत. घावलाच कधी, तर पहिला तुकडा पाखरीला, तोही मामांच्या हातून. "शिकारीचं कुत्रं तोंड उघडतं ते फकस्त धराया," हे मामांचं वाक्य. आबांनी ते वेदवाक्यासारखं जपलं होतं.

बहात्तर साली शिकारबंदीचा कायदा झाला आणि मामांनी दोरी खुंटीला लावली, ती लावलीच. आबा पुढे गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर झाले आणि बत्तीस वर्षं कुणाच्या बैलाचा खूर, कुणाच्या शेळीचं पोट बघत राहिले. कुरकुर त्यांच्या स्वभावातच नव्हती. मिळालं ते पुष्कळ मिळालं, असं मानणारा माणूस.

२०२० च्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आले आणि अडकले. विमानं बंद, सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही. सतीश आणि सुमेधा दिवसभर आपापल्या खोलीत लॅपटॉपसमोर, नऊ वर्षांची रेवा टॅबवर शाळेत, आणि आबा खिडकीत. जूनमध्ये जतला त्यांचे थोरले भाऊ गेले. आबांनी मोबाइलवर अंत्यविधी पाहिला. पाचच माणसं होती. मग ते बाहेर येऊन मागच्या कुंपणाशी उभे राहिले.

कुंपणापलीकडे फेलन नावाच्या म्हाताऱ्याचं शेत होतं. बायको कधीचीच गेलेली, मूल नाही, चाळीसेक मेंढ्या. वय अठ्ठ्याहत्तर. रेवाकडून त्याला कळलं असावं. तो सहा फुटांवर येऊन थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि पावसात अर्धा तास नुसता उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. सुतकाच्या तेरा दिवसांत आबांना जे समाधान कुठल्या फोनने मिळालं नाही, ते त्या अर्ध्या तासाने दिलं. त्या दिवसापासून तो आबांचा फेलनअण्णा झाला.

जुलैत अण्णांकडे एक पिल्लू आलं. तिकडे सशामागे धावणारी बीगल कुत्री एका ठिकाणी कळपाने ठेवतात, आणि नवी पिल्लं आठ-दहा महिने आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाढवायला देतात. माणसांत, मेंढरांत, कोंबड्यांत वावरून शहाणं झालं, की पिल्लू परत कळपात. फेलनअण्णा दर वर्षी एक पिल्लू वाढवत होते, गेली चाळीस वर्षं. या पिल्लाचं नाव रँबलर. आबांच्या जिभेवर ते बसेना, म्हणून त्यांनी त्याचा राम्या केला.

"मर्ली," अण्णा कुंपणावरून म्हणाले, "रोज सकाळी याला फिरवायला हाताखाली माणूस हवाय." हवा-बिवा काही नव्हता. पण आबा दुसऱ्या दिवशी साडेसहालाच बूट घालून तयार. सुमेधा सतीशला म्हणाली, "अरे, आबा शीळ घालतायत!"

ऑक्टोबरात अण्णा अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण घरी एकट्याने राहता येईना, म्हणून गावाच्या टोकाच्या नर्सिंग होममध्ये त्यांची सोय झाली. मेंढ्या पुतण्याने नेल्या. राम्याला मात्र त्यांनी आबांच्या हवाली केलं. हे आपलं शेवटचं पिल्लू, हे त्यांना कळून चुकलं होतं.

आबांनी मनाशी ठरवलं, या माणसाचे उपकार फेडायचे तर कुत्रं असं तयार करून द्यायचं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आणि इथेच घोळ झाला. राम्या वाऱ्यावर नाक धरून गळा काढायचा. अण्णा त्याला कधी दटावत नसत, उलट हसत. आबांना वाटे, म्हातारा लाडावून ठेवतोय. आता सूत्रं त्यांच्या हाती आली होती. राम्याने तोंड उघडलं रे उघडलं, की "चूप!" आणि बोट वर. गप्प राहिला, की भाकरीचा तुकडा. तुपातला. फेब्रुवारीपर्यंत राम्या इतका गप्प झाला, की पोस्टमनसुद्धा चौकशी करून गेला.

एका रविवारी फोनवर, रेवाला मध्ये घालून, आबांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अण्णांना सांग, बारा हफ्ते झाले, एकदा बी भुंकला न्हाई. वाऱ्यावानी पळतो, पर तोंडातनं ब्र न्हाई."

 पलीकडून अण्णा हळू आवाजात काहीतरी बोलले आणि शेवटी "ग्रँड, ग्रँड" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हनले?"

रेवाने ओठ चावला. "आबा, इट्स नॉट ग्रँड. ही सेड, दे वोंट कीप हिम." मग तिने एकेक करून सांगितलं. ही कुत्री नजरेवर नाही, वासावर धावतात. ससा कुठे दिसतच नाही. ज्याला वास लागतो तो आवाज देतो, बाकीचे त्या आवाजामागे जातात, आणि माणसं सगळ्यांच्या मागे. मुकं कुत्रं कळपाला नको असतं. मार्चअखेर गाडी येणार, परीक्षा घेणार, आणि राम्याला बाद करणार. आणि पहिल्यांदा खऱ्या वासावर पिल्लू गळा काढतं, तो आवाज ऐकायला अण्णा दर वर्षी थांबत. या वर्षीही त्यांना तेवढंच हवं होतं.

आबांनी राम्याकडे बघितलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ज्या माणसाने आपल्याला काम दिलं, त्याच्या शेवटच्या कुत्र्याची आपण वाचा घालवली!

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेवाला शेजारी बसवून स्वतः फोन लावला आणि माफी मागितली. अण्णांनी माफीबिफी बाजूला सारून एकच गोष्ट सांगितली: बडीशेपेसारख्या वासाचं तेल मोज्याला लावून तो मोजा रानातून ओढत न्यायचा, आणि कुत्रं मागे सोडायचं, म्हणजे ते वासावर गळा काढतं.

"बडीशेप आहे की! वरच्या प्रेसमध्ये," सुमेधा म्हणाली. कपाटाला ती आता तिकडच्यासारखं प्रेसच म्हणायची. तिने बडीशेप कुटून तेलात कढवली, तेव्हा घरभर मुखवासाचा वास सुटला. रोज जेवणाच्या सुट्टीत, एवढ्या मोठ्या कंपनीतली ही बाई गमबूट घालून, दोरीला सतीशचा मोजा बांधून चिखलातून धावू लागली. मागून राम्या आणि त्याच्या मागे आबा. राम्या वास चोख काढायचा. पण ऐन रंगात आला, की थबकायचा, आबांकडे बघायचा आणि तोंड मिटून घ्यायचा. आबांना ते बघवत नसे. रात्री ते आपल्या ताटातली भाकरी आधी त्याला घालत आणि मग स्वतः जेवत. मामांनी पाखरीला एकदा उगाच मारलं होतं, त्यानंतर तेही असंच करत.

गाडी रविवारी येणार होती. शनिवारी सकाळी ते सगळे नर्सिंग होमच्या मागच्या शेतात गेले. भेटायचं ते काचेआडून, पण नर्सबाईंनी अण्णांची खुर्ची खिडकीशी आणली आणि तावदान चार बोटं उघडलं. सुमेधा मोजा ओढत बांधाकडेने खिडकीखालून पार पुढच्या झाडांपर्यंत गेली. आबांनी राम्याला सोडलं.

तो आला. नाक जमिनीला, शेपूट ताठ, आणि गप्प. खिडकीखाली पोचला तसा वास दाटला असावा, कारण त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. आतून अण्णांनी हाक दिली, त्यांची ती जुनी लांबलचक शिकारीची हाक, पण खोकल्यात विरून गेली. राम्याने तो आवाज ओळखला. शेपूट हलली. मग मान वळवून त्याने आबांकडे बघितलं.

आबांना तेव्हा लख्ख कळलं. तो वासाची नाही, परवानगीची वाट बघत होता. जतच्या माळावर ज्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, ते आबा चिखलात गुडघ्यांवर बसले आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "बोल रं राम्या! बोल माझ्या बाबा! हाऽऽऽ!"

आधी गंजलेलं दार करकरावं तसं काहीतरी झालं. राम्या स्वतःच दचकला. मग त्याने मान वर केली आणि असा गळा काढला, की झाडांवरचे कावळे उडाले. बांधाच्या कडेने गात, ओरडत तो सुटला तो थेट सुमेधाच्या मोज्यापर्यंत. खिडकीत अण्णा खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होते, हसत होते आणि रडत होते.

आबा उठले. डोक्यावरची लोकरी टोपी काढून ते खिडकीसमोर उभे राहिले. रेवा फोन कानाला लावून म्हणाली, "ही सेज थँक यू, आबा."

"त्येंना म्हनावं," आबा म्हणाले, "आभार मीच मानायचं. माझं माणूस गेलं तवा तुमी हुबं ऱ्हायला. मला कुत्रं तुमी दिलं, माळ परत दिला. मी फकस्त त्येचा आवाज माघारी द्याया आलोय."

रविवारी गाडी आली. परीक्षेत राम्या पास झाला, त्याला मागे चढवलं, दार लागलं, आणि आतून गळा काढणं सुरू झालं. गाडी वळणाआड गेली तरी ऐकू येत होतं. आबा फाटकात उभे राहून ऐकत होते. हात सवयीने वर गेला होता, बोटही उभं राहिलं होतं. त्यांनी ते हळूच मिटून घेतलं आणि आवाज पुरता विरेपर्यंत तिथून हलले नाहीत.