हळदीला पुरून उरणारा प्रिंटर

मी आवाज चढवत नाही, याचे लोकांना फार कौतुक. 'किती शांत माणूस' हे शब्द मी सोसायटीच्या सभेत, कार्यालयात, नातेवाइकांत इतकी वर्षे मान खाली घालून स्वीकारत आलो. हल्ली ते कानांवर पडले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या शांत आवाजाने मी घरात काय काय दडपले, हे मला भाईंदरजवळच्या राई गावातल्या एका हळदीच्या मांडवात कळले, आणि तो संताप अजून उतरलेला नाही.

माझी मुलगी लग्नसमारंभांत फोटो काढते. काढलेला फोटो तिथल्या तिथे छापून पाहुण्यांच्या हातात द्यायचा, ही तिची कल्पना. त्यासाठी कोणता प्रिंटर घ्यायचा, हेही तिने ठरवले होते: बाजारात ज्याला 'डाय-सब' म्हणतात, तो. त्यात शाई नसते. रंगीत रिबन तापते, पिवळा, किरमिजी, निळा असे रंग एकामागून एक कागदात उतरतात आणि शेवटी वर एक पारदर्शक थर बसतो. तेवढ्या वेळात कागद यंत्रात पुढेमागे येरझारा घालतो आणि बाहेर येतो तो कोरडा ठणठणीत.

मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. तीन दरपत्रके आणि तुलनात्मक तक्ता यांवाचून आमच्या घरात मिक्सरसुद्धा आलेला नाही. "घाई नको, आधी नीट पाहू," असे म्हणून मी तिला भाईंदरपासून काशीमीऱ्यापर्यंत दुकानोदुकानी हिंडवले. दुकानदार माझ्याशीच बोलत. "अंकल, डाय-सब में एक ही साइज आएगा. इंकजेट ले लो ना, फोटो भी, डॉक्युमेंट भी." तिला फक्त पाणी हवे का, एवढे विचारीत. मला त्यात काही वावगे वाटले नाही, याचीच आज चीड येते. फोटोत निम्मे पांढरे आकाश असले तरी रिबनचा अख्खा तुकडा खर्ची पडतो, हे समजल्यावर तर माझ्यातला खरेदी अधिकारी पुरता दुखावला.

"बाबा, हळदीत लोकांचे हात ओले असतात," ती म्हणाली.

"मग हात पुसून घ्यायला सांग ना, बाळा."

"राईतल्या हळदीत? मी लोकांना हात पुसायला सांगू?"

"तू चिडली आहेस. आपण नंतर बोलू."

हेच माझे शस्त्र. ती चिडली की तिचा मुद्दा बाजूला पडे आणि तिचे चिडणे हाच विषय होऊन बसे. मी शांत, म्हणून मी बरोबर. घरात इंकजेट आला. त्यावर सोसायटीच्या नोटिसाही निघतील, याचे मला समाधान होते.

राईतल्या एका जुन्या घरातल्या मुलाची हळद आणि मध्ये एक दिवस सोडून लग्न, अशी दोन्ही कामे तिला मिळाली होती. आगऱ्यांच्या हळदीला लग्नाहून मोठी गर्दी असते. बेंजोचा बँड वाजत होता, मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कोपरापर्यंत पिवळे झालेले हात फोटोसाठी पुढे येत होते. मी कागदाची पाकिटे सांभाळत मागे उभा होतो. नवऱ्याच्या आत्याने पहिला फोटो घेतला, कौतुकाने त्यावरून अंगठा फिरवला, आणि नवऱ्याचे नाक गालावर ओघळले.

"अगो पोरी," आत्या ओरडली, "हलदीत नवरा पिवला व्हतो, फोटू न्हाय!"

मांडव हसला. नवऱ्याच्या काकाने री ओढली, "लगनात काय करू? फोटू छत्रीखाली धरू?" मुलगीही हसली. तिचे ते हसणे मला पाहवेना, म्हणून मी पुढे झालो आणि माझ्या त्या सुप्रसिद्ध मृदू आवाजात म्हणालो, "ताई, जरा हात पुसून धरला असता तर..."

"अवं भाऊ, हलदीला कोनी हात पुसून येतो का?"

या वेळी मुलगी हसली नाही. तिने मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिले.

निघताना नवऱ्याचे वडील तिला म्हणाले, "लग्नाला आम्ही दुसरा मानूस बघतो." ती गयावया करील असे मला वाटले होते. ती म्हणाली, "काका, उद्या संध्याकाळी याच घरात नवा फोटो आणते. आत्यांनी हळद लावून बघावी. मग ठरवा."

रिक्षात मी आतून उकळत होतो. आत्यावर, काकावर, दुकानदारांवर, साऱ्या जगावर. तरी तोंडातून निघाले ते हळुवारच: "मी काय म्हणत होतो..."

"बाबा, तुम्ही ओरडला असतात ना, तर मीही ओरडले असते," ती म्हणाली. "तुम्ही तशी सोयच ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी काशीमीऱ्याच्या दुकानाच्या दारात ती थांबली. "तुम्ही बाहेर उभे राहा." मी राहिलो. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, धूळ तोंडावर येत होती, आणि पन्नाशी उलटलेला मी शिक्षा झालेल्या पोरासारखा काचेतून आत पाहत होतो. पहिला राग तिचाच आला, हे लिहिताना लाज वाटते. दुकानदार आतूनही माझ्याकडे बोट दाखवून काही विचारत होता. तिने मान हलवून नकार दिला. आदल्या दिवशीच्या नवऱ्याचा फोटो तिने डाय-सबवर छापायला लावला. कागद पुढे आला, मागे गेला, पुन्हा आला. मग तिने पर्समधून डबी काढली आणि ओली हळद त्या ताज्या फोटोवर फासली. दुकानदाराने कपाळाला हात लावला. तिने रुमालाने फोटो पुसला, उजेडात धरला, तिरपा करून पाहिला.

खोके घेऊन ती बाहेर आली. मी हात पुढे केला.

"उचला," ती म्हणाली. "पण वर काय काय लिहिलंय ते वाचत बसू नका."

संध्याकाळी राईत आत्याने फोटोला हळदीचे बोट ओढले, पदराने पुसले, पुन्हा ओढले. नवऱ्याचे नाक जागच्या जागी होते. "ये गो लगनाला," ती म्हणाली.

लग्नात मी मांडवाच्या कडेला उभा राहून पाकिटांची खोकी फोडत होतो. आत्या मुलीजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुजा बापूस लय शांत हाय गो."

मुलगी प्रिंटरमध्ये नवी रिबन बसवत होती. तिने मान वर केली नाही.

"हो," ती म्हणाली. "फार."